सहातून एक कमी

पाचावर थांबायचं होतं आणि कृष्णकांत सकाळपासून सहावर अडकले होते.

ओटीवर चटई अंथरून त्यांनी रेकॉर्डी मांडल्या होत्या. रविवारी पालघरला भावेशच्या वाद्यांच्या दुकानात रॉक ऐकणारी मंडळी जमणार होती. प्रत्येकाने आयुष्यातल्या सगळ्यात आवडत्या पाच रेकॉर्डी आणायच्या, प्रत्येकीतलं एकेक गाणं लावायचं आणि हीच का, ते सांगायचं. कपाटभर रेकॉर्डींतून कृष्णकांत सहापर्यंत आले आणि पुढे त्यांचा हात चालेना. तारापूरच्या कारखान्यात असताना बंद पडलेलं यंत्र भंगारात काढायचा निर्णय ते उभ्या उभ्या घ्यायचे. इथे मात्र एक उचलली की दुसरी रुसल्यासारखी वाटायची.

सून चहा घेऊन आली. स्वरा नाशिकची. त्यांच्या मुलाशी, हर्षितशी, लग्न होऊन वर्ष होत आलं तरी सासऱ्यांशी तिचं बोलणं ‘हो बाबा’, ‘नको बाबा’ आणि ‘वाढू का’ यापलीकडे गेलं नव्हतं. पोरगी गुणाची, बोट ठेवायला कुठे जागा नाही, आणि सासूला, जमनाबाईंना, नेमकं तेच खुपायचं. “पावणी जेवते तशी जेवते ती,” त्या नवऱ्याला म्हणायच्या. “आमटीत मीठ नसलं तरी सांगत नाय.”

स्वराने कप खाली ठेवला, पण ती लगेच वळली नाही. चटईकडे बघत राहिली.

“ही काढा,” ती म्हणाली.

कृष्णकांतांना वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. “कुठली?”

“ही, जळत्या पुलाची.”

जळता पूल त्या रेकॉर्डच्या कव्हरवर होता. पहिल्या पगारातून घेतलेली रेकॉर्ड. सहांमध्ये तिचा नंबर पहिला होता.

“का काढू?”

“मागच्या बाजूला सगळी भरतीची गाणी आहेत. आणि पुढच्या बाजूला, तिसऱ्या गाण्यात ड्रमर लयीच्या पुढे पळतो. गिटारवाल्याची नुसती दमछाक.”

“पळत नाय तो. रंगात आलाय.”

“रंगात आलेला माणूस फिरून समेवर येतो, बाबा. हा येत नाही.”

ती चटईच्या कडेला बसली आणि चहाच्या ट्रेवर दोन बोटांनी वाजवून दाखवायला लागली. आधी कसं हवं ते, मग तो कसं वाजवतो ते. बोटं सफाईने पडत होती. कृष्णकांत त्या बोटांकडे बघत राहिले.

“हे कुठं शिकलीस?”

“कॉलेजच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचे मी.”

“हर्षित बोलला नाय कधी.”

“मीच नको म्हटलं होतं त्याला.” तिने ट्रेवरचा हात मागे घेतला. “म्हटलं, घरात चालतं की नाही, कोण जाणे.”

कृष्णकांत उठले, रेकॉर्ड प्लेअरवर ठेवली आणि सुई थेट तिसऱ्या गाण्यावर टेकवली. दोघं मान खाली घालून ऐकत बसली. मध्यावर स्वराने बोट वर केलं.

तो पळत होता. दावं सुटलेल्या वासरासारखा पळत होता. अर्धं आयुष्य हे गाणं ऐकलं, पण इतक्या वर्षांत तो कधी पळाला नव्हता.

“आता मला हे रोज ऐकू येणार,” कृष्णकांत म्हणाले.

“येणारच.”

“तरी ही ऱ्हाणार.”

“मग ती पांढऱ्या घोड्याची काढा. तिच्यात तर ड्रमच नाहीत.”

“तिला हात लावायचा नाय.”

“एका गिटारवर अख्खी रेकॉर्ड, आणि तिला रॉक म्हणायचं?”

“तुझा जन्म पण झाला नवता तवापासनं म्हणतात!”

“म्हणून ते बरोबर होतं का?”

आवाज ऐकून जमनाबाई मागच्या पडवीतून धावत आल्या. हाताला कोलंबी सोलल्याचा वास, कपाळाला आठ्या.

“काय झालं? अवो, सुनेवर आवाज काय चढवता?”

“त्यांनी नाही चढवला, आई,” स्वरा म्हणाली. “मी चढवला.”

जमनाबाईंनी एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. पदराला हात पुसले आणि आत निघून गेल्या.

या घरात कृष्णकांतांच्या संगीताबद्दल आजवर दोनच मतं निघाली होती. एक ‘हळू करा’ आणि दुसरं ‘बंद करा’. आता तिसरं मत चटईवर मांडी घालून बसलं होतं आणि हटायला तयार नव्हतं. जेवणं झाली, वाद पुन्हा सुरू झाला. ठरलेल्या सहाही रेकॉर्डी ढिगात परत गेल्या आणि पहिल्यापासून निवड सुरू झाली. मध्येच स्वराने फोनवर आपल्या आवडीचा एक अल्बम लावला. कृष्णकांत म्हणाले, “नुसते कोकलतायत.” थोड्या वेळाने म्हणाले, “ते दुसरं परत लाव बघू.”

ऊन उतरल्यावर हर्षित बोईसरहून पाळी संपवून आला. ओटीभर रेकॉर्डी पसरलेल्या, चटईच्या एका टोकाला बाप, दुसऱ्या टोकाला बायको, दोघांचे चेहरे ताठ. त्याच्याकडे कोणी पाहिलंही नाही. तो बूट हातात घेऊन हळूच आत सटकला.

रेकॉर्डची एक बाजू संपली होती. ती उलटायला कृष्णकांतांनी हात पुढे केला, तेवढ्यात स्वयंपाकघरातलं बोलणं त्यांना ऐकू आलं.

“भांडलेत काय गं दोघं?” हर्षित दबक्या आवाजात विचारत होता.

“सकाळपासनं,” जमनाबाई म्हणाल्या. भाकरी थापल्याचा आवाज थांबला नाही. “तू मदे पडू नको.”