जास्त भरली तर

घंटा झाली आणि सहल-व्यवसायाच्या मेळाव्यातली, हॉलमधली चारशे माणसं एकदम उठली. दर बारा मिनिटांनी घंटा, की उचला पिशवी आणि गाठा पुढचं टेबल. शाळांच्या सहली विकणारी ही जाणती माणसं दोन दिवस शाळेतल्या पोरांसारखीच घंटेवर धावत होती आणि कोणाला त्यात काही गंमतही वाटत नव्हती. एकोणिसाव्या टेबलाशी ती पोचली तेव्हा तिला धाप लागली होती.

आठ दिवसांत पाच शहरं झाली होती. रोज चार-चार वसतिगृहं बघायची, जिने चढायचे, खिडक्यांच्या कड्या ओढून पाहायच्या, मुलींच्या मजल्यावर शिक्षिकेची खोली जिन्याला लागून आहे ना ते विचारायचं, की पुन्हा बस. पायांचे तुकडे पडले होते. आज शेवटचा दिवस. संध्याकाळचं विमान आणि उद्या सकाळी घर.

घरी आप्पा होते. दाराला कडी घालायच्या आधी "सगळी आली का घरात?" असं विचारल्याशिवाय ते उभ्या आयुष्यात कधी झोपले नव्हते. अंथरुणाला खिळले तरी ती सवय काही सुटली नव्हती. परवा फोनवर दादा म्हणाला होता, "एकच यायचीय म्हटलं, तर म्हणाले, मग कडी नको घालूस."

तिने लगेच कंपनीतल्या साहेबांना फोन लावून परत यायचं विचारलं. "दोन दिवसांचाच तर प्रश्न आहे," साहेब म्हणाले. डॉक्टरांनीही दादाला नेमकं हेच वाक्य सांगितलं होतं. तिने तेही साहेबांच्या कानावर घातलं. ते "अरेरे" म्हणाले आणि मग म्हणाले, "पण तुमच्याशिवाय तिथे आहे कोण आपलं?" आणि ती राहिली.

एकोणिसाव्या टेबलावर एका वसतिगृहाचे मालक होते, गोल चेहऱ्याचे आणि बोलघेवडे.

"तुम्हाला म्हणे मोजणीबाई म्हणतात!"

"म्हणू देत. बावीस वर्षांत एक मूल मागे राहिलेलं नाही. बसमध्ये चढताना, उतरताना, जेवायला बसताना डोकी मोजायची. नव्या शिक्षकांना मी दोनच गोष्टी सांगते. कमी भरली तर शोधा. जास्त भरली तर पुन्हा मोजा."

"जास्त? जास्त कशी भरतील?"

"नाहीच भरत. आपलंच चुकलेलं असतं."

मालक पोट धरून हसले. त्यांच्याबरोबर तीही हसली. आठ दिवसांत पहिल्यांदाच हसत होती बिचारी.

घंटा झाली. विसाव्या टेबलाकडे जाता जाता तिने घरी व्हिडिओ कॉल लावला. फोन बराच वेळ वाजला, मग दादाने घेतला.

"अगं, काम चालू असेल ना तुझं? तू उरक आधी."

"आप्पांना दाखव."

"झोपलेत."

"काल विचारलं त्यांनी?"

दादाने मान वळवली. "काल… नाही. काल नाही विचारलं."

त्याच्या हातात फोन नीट राहीना. आधी पंखा दिसला, मग भिंत, मग अख्खी खोली. पलंग तेवढा दिसला नाही. इतक्या वर्षांची सवय, तिच्या डोळ्यांनी आपोआप मोजायला घेतलं. आप्पा धरून घरात माणसं चार: आप्पा, दादा, वहिनी आणि आप्पांना सांभाळणाऱ्या बाई. आप्पांना वगळूनच, फोन धरलेल्या दादासकट, नऊ भरली. दाराशी वहिनी, तिच्यामागे त्या बाई. स्टुलावर अक्का, जिचं सासर बारा तासांच्या प्रवासावर, आणि तिच्या शेजारी भावजी. गुडघ्यांपायी वर्षभरात एक जिना न चढलेले काका खुर्चीत बसले होते, काकू त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या होत्या. खालच्या मजल्यावरचं जोडपंही भिंतीला टेकून उभं होतं. बाहेरच्या खोलीतल्या खुर्च्या आत आणलेल्या होत्या आणि कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

"अक्का कधी आली?"

"सहज आली गं."

"आणि काका?"

"तेही… सहजच. तू ये. घाई करू नकोस, नीट ये. दार उघडंच आहे."

एवढं बोलून त्याने फोन न कापताच कुठेतरी टेकवून ठेवला. आता खोली हलत नव्हती. तिला सगळं कळलं होतं. पण कळलं हे मान्य करायला अंगात जे बळ लागतं, ते तिच्यात उरलं नव्हतं. ती तशीच विसाव्या टेबलाशी खुर्चीत बसली आणि फोन टेबलावर उभा धरला.

समोर बस कंपनीच्या बाई वही उघडून तयारच होत्या. बारा मिनिटांतली दोन वाया गेली होती.

"बोला. किती जण आहात तुम्ही?"

ती फोनकडेच बघत होती. एकेका माणसावर बोट टेकवत होती. दाराशी एक, तिच्यामागे एक, स्टुलावर एक.

"किती म्हणालात?"

"थांबा हं जरा," ती म्हणाली. "जास्त भरतायत. पुन्हा मोजते."