दोन नंबरचा होकार

अर्धं आयुष्य कॅमेरा वाहून तिच्या खांद्यानेच शेवटी हात टेकले. आता ती दुसऱ्या शहरातल्या एका खोलीत बसून सामन्यांच्या थेट प्रक्षेपणासाठी मुठीएवढा कॅमेरा लांबून फिरवायची. आज तो, दोन नंबरचा कॅमेरा म्हणून, तलावावरच्या उंच फळीच्या कठड्याला बसवला होता आणि फळीवर तिचीच लेक शेवटच्या उडीसाठी उभी होती. आधीची उडी फसलेली. आई कामावर आहे हे माहीत असूनही पोरीची नजर प्रेक्षकांत भिरभिरत होती.

"दोन नंबर, तयार?" दिग्दर्शकाने कानात विचारलं.

जुने कॅमेरावाले अशा वेळी बोलत नाहीत, कॅमेराच होकारासारखा खाली-वर करतात. बाकीचे एकदा, ही दोनदा. घरी जेवायला बोलावलं तरी तिची मान तशीच दोनदा हलायची.

कठड्यावरचा कॅमेरा दोनदा हलला. लेक बघतच राहिली. मग गालात हसली आणि सुरीसारखी पाण्यात शिरली.

पदक गळ्यात पडलं तरी ती मान वर करून त्याच कॅमेऱ्याकडे बघत होती.

"दोन नंबर, पोरगी तुमच्या ओळखीची आहे का?"

सवयीने तिचा हात कॅमेरा फिरवायच्या दांडीवर गेला. चित्र आपल्याच कॅमेऱ्यातून घरोघरी जातंय, याचंही भान उरलं नाही.

घराघरांतल्या पडद्यांवर सुवर्णपदक दोनदा खाली-वर झालं.