छातीवर कान

“भाऊ, माले खाले ठेवू नको रे!” साप चावलेला पुना पाठीवरून असं विनवत होता, ते एकट्या अभिमनने ऐकलं होतं. आईला त्याने एवढंच सांगितलं, की धाकटा दवाखान्याच्या वाटेवर माझ्या पाठीवरच गेला.

पुढे अभिमनचंच हृदय खचलं. मुंबईच्या डॉक्टरांनी त्याच्या पाठीचा स्नायू सोडवून हृदयाभोवती गुंडाळला, आणि तो फैजपूरला घरी आला.

भर दुपारी द्रौपदाबाईने लेकाच्या छातीला कान लावला. “चाली राहिनं रे, घट्यानागत!” जात्याची घरघर ऐकल्यागत ती हसली. मग हसू विझलं. कान मात्र निघेना. तिने त्याच जागी बोट टेकवलं.

“आठे पुना शे, अभिमन. खाले ठेवू नको, म्हनस.”

अभिमनने तोंड झाकून घेतलं.

“माय, मी त्याले बांधवर ठेवीसन पळी गऊ. तो जित्ता व्हता.”