सावधान

गुडघ्यातल्या गादीचं ऑपरेशन झालेले माजी हवालदार धोंडिबा अपंगत्व पेन्शनसाठी तपासणीला आले होते. डॉक्टर मेजर दीपाली खोलीत शिरताच ते ताडकन उठले आणि पाय आपटून सावधान उभे राहिले. "जय हिंद, मॅडम!"

म्हणे गुडघा गेलाय! दीपालींनी हसू दाबत शेरा मारला, 'आधाराशिवाय उठतात. अपंगत्व नाही.' सही झाली, फाइल पुढे गेली.

दुपारी बाहेर पडताना दीपालींना धोंडिबा पायरीवर बसलेले दिसले. हडपसरच्या आयटी कंपनीतून रजा टाकून आलेली मुलगी त्यांच्या टम्म सुजलेल्या गुडघ्याला ओला रुमाल बांधत होती.

"बाबा, पाय कशाला आपटलात?"

"अगं, अधिकारी समोर आल्यावर बसून कसं राहायचं?"



ते पुन्हा उठू नयेत, म्हणून मेजर दीपाली खांबाआड लपल्या.