मापाचा ब्लाउज

साडीचं ताट प्राचीच्या हातात आलं आणि तिच्या आईची, छायाबाईंची, नजर आधी ताटात गेली. साडीच्या घडीवर शिवून तयार केलेला ब्लाउज होता. आता मुलीने आत जायचं, सासरची साडी नेसायची आणि बाहेर येऊन पाटावर बसायचं. साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, रीतच ती. पण हा ब्लाउज प्राचीच्या अंगात शिरणार नाही, हे मांडवात एकट्या छायाबाईंना ठाऊक होतं. म्हणजे त्यांना आणि प्राचीला.

प्राची उंच होती. दारातून वाकून जावं लागेल एवढी उंच, आणि हाडापेराने रुंद. तयार कुडत्याच्या बाह्या तिच्या मनगटाच्या आधीच संपत. साडी नेसली की उटंग, घोटे उघडे. चपला पुरुषांच्या घ्याव्या लागत. मेहकरचे कापडवाले तर तिला रस्त्यावरून येताना पाहूनच मान हलवू लागत.

आलेली स्थळं चहा पिऊन जात आणि मागाहून निरोप येई, मुलगी चांगली आहे, पण जोडा शोभणार नाही. एका पाहुण्याने तर आता घरात शिडीची गरज नाही म्हणून गंमत केली होती. त्या दिवशी प्राची हसली होती, आणि ती हसली म्हणून छायाबाई चुलीपाशी जाऊन रडल्या होत्या.

साखरखेर्ड्याचं स्थळ मात्र आपणहून चालत आलं. मुलाचे काका रंगराव एक दिवस दारात उभे राहिले आणि पोरगी पाहायची आहे म्हणाले. आमचं घर कुणी सुचवलं, हे छायाबाईंनी विचारलंच नाही. विचारलं असतं तर बोलणं वाढलं असतं, आणि वाढत वाढत उंचीपाशी गेलं असतं. पाहुणे यायच्या आधीच त्यांनी प्राचीला सतरंजीवर बसवून ठेवलं. पोहे प्राचीच्या काकूने दिले. प्राची उठली ती फक्त पाया पडायला, आणि तेही पुरतं उभं न राहता. मुलगा, कुलदीप, सगळा वेळ हसू दाबत होता. छायाबाईंना वाटलं, लाजतोय बिचारा.

मग मुलाच्या आईने, गीताबाईंनी, ब्लाउज शिवायला मापाचा ब्लाउज मागितला आणि तिथे छायाबाईंनी घोळ घातला. भाची अनुपमा अंगाने चारचौघींसारखी होती. तिचाच ब्लाउज त्यांनी पिशवीत घालून पाठवून दिला.

"आई, ब्लाउज खोटं बोलंन," प्राची म्हणाली होती, "पन मी उभी राह्यली का मंग?"

"तवाचं तवा पाहू," छायाबाई म्हणाल्या होत्या.

आता ती वेळ आली होती. छायाबाईंनी खोलीची कडी लावली. "चक्कर आली म्हनून सांगते बाहेर," त्या पुटपुटल्या. "तू पडून राह्य."

प्राचीने ब्लाउज उचलला आणि बाहीत हात घातला. हात कोपरापर्यंत गेला, खांद्यापर्यंत गेला. हूक लागले. मायलेकी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग प्राचीने साडी गुंडाळली आणि खाली पाहिलं. काठ पावलांवर टेकला होता. मूळ काठाच्या खाली जुन्या हिरव्या शालूची वीतभर पट्टी जोडलेली होती, टाका शोधून सापडणार नाही अशी. ताटाच्या तळाशी अनुपमाचा ब्लाउज होता, इस्त्री करून परत दिलेला.

छायाबाई खाटेवर बसल्या. त्यांना हायसं वाटायला हवं होतं, पण वाटली ती लाज. दारावर टकटक झाली. प्राचीने कडी काढली.

"झालं का व? लोक बसून राह्यले," म्हणत गीताबाई आत आल्या. बुटकी, गोलमटोल बाई. छायाबाईंनी त्यांचे दोन्ही हात धरले.

"विहीनबाई, चुकलं माहं. तिची उंची दिसली असती तं तुमीबी वापस गेल्या असत्या. म्हनून भाचीचा ब्लाउज धाडला. पोरीचा काही दोष नाही."

"पाया पडली तवा खांद्याले धरून मीच तं उठवलं तिले," गीताबाई म्हणाल्या. "साऱ्या गावाचे ब्लाउज शिवते मी. मले माप समजनार नाही का?" त्या खाली बसून प्राचीच्या निऱ्या सारख्या करू लागल्या. "पट्टी माह्या लग्नातल्या शालूची हाय. पेटीत पडूनच होता."

"मंग बोलल्या काऊन नाही?"

"तुमी एवढ्या मेहनतीनं लपवून राह्यल्या होत्या. म्हटलं, लपवू द्या."

छायाबाईंना रडता रडता हसू आलं. प्राची मात्र हसली नाही. कुलदीप उंचीने जेमतेम तिच्या कानापर्यंत येत होता आणि बाहेर चारचौघांत त्याच्या शेजारी तिला उभं राहायचं होतं.

"अन् त्यायचं काय?" तिने हळूच विचारलं. "लोक त्यायले हासतीन."

गीताबाई उठल्या. तिच्या तोंडाकडे पाहायला त्यांना मान पार मागे न्यावी लागली.

"मेहकरच्या स्टँडवर गर्दीत एका म्हातारीचं बोचकं तू साऱ्यायच्या डोक्यावरून खिडकीतून आत देल्लं होतं. तवा पाह्यलं त्यानं तुले. नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही. घरी येऊन निसता हात वर करून दाखवला, एवढी हाय म्हने. तेवढ्याच खुनेवर त्याचा काका गावोगाव पुसत तुमच्या दारी आला."