टायरची तारीख

लेकीची गाडी सामानाने गच्च भरली होती. उद्या सकाळी ती नव्या नोकरीच्या शहरात एकटीच गाडी चालवत निघणार होती, आणि बाबा मघापासून गाडीभोवती गुडघ्यांवर फिरत टायरवरची तारीख शोधत होते.

"नवेच टाकलेत हो, बाबा."

"दुकानदार जुना माल नवा म्हणून गळ्यात मारतात. शेवटचे चार आकडे बघायचे. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पडून राहिलेला टायर भर रस्त्यात दगा देतो."

तीन टायर यंदाचेच निघाले. दर टायरला बाबा जास्तच वैतागत होते. चौथ्याचे आकडे नेमके आतल्या बाजूला होते. चडफडत ते गाडीखाली आडवे झाले. चष्मा घसरला, कोपर खरचटलं.

"काय निघालं?" लेकीने वाकून विचारलं.

"यंदाचाच," ते खेकसले.

"मग झालं तर! या बाहेर."

"स्टेपनी काढ."

"अहो, सगळं सामान तिच्यावर रचलंय!"

"काढ म्हणतो ना!"

लेक तिथेच, त्यांच्या पायांशी, जमिनीवर बसली.

"बाबा, स्टेपनी जुनी निघाली तरी मी जाणारच आहे. फार तर दुसरी घेईन आणि परवा निघेन."

गाडीखाली बाबांनी घसरलेला चष्मा नीट केला.

"परवा चालेल," ते म्हणाले.