न दिसणारा उजेड

केसाएवढ्या काचेच्या तंतूतून प्रार्थनाने अखेर हवा तसा लेझरचा उजेड काढला आणि पुण्याच्या लॅबमधूनच तिसगावला आईला फोन लावला.

"कंच्या रंगाचा हाय?" एलिझाबेथबाईंनी हौसेनं विचारलं.

"शेकडो रंग आहेत आई, पण डोळ्यांना एकही दिसत नाही. दुधात पाणी घातलं तर मात्र हा लगेच ओळखतो."

न दिसणाऱ्या उजेडाचं गावात कौतुक तरी काय सांगायचं, म्हणून बाई हिरमुसल्या. तरी सकाळी दूधवाला रामहरी दारात आला, तेव्हा त्यांनी लेकीचा पराक्रम त्याला तिखटमीठ लावून ऐकवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच लेकीला फोन केला. "तुझा उजेड लई गुनाचा हाय गं पोरी. पडला पुन्यात, आन साय आली हितं."